काचेच्या दारासमोरचं उपोषण

बाराव्या शतकानंतर जगात जे काही झालं, ते आमच्या सरांना मंजूर नव्हतं. नॉर्मन लोक आयर्लंडमध्ये घुसले ती त्यांच्या मते 'अलीकडची भानगड'. बटाटा नवीन, चहा त्याहून नवीन (हा नवा पदार्थ ते दिवसातून नऊ वेळा घेत), आणि विद्यापीठाची वेबसाइट तर अजून व्हायचीच होती. पहिल्या तासाला मी वहीच्या कोपऱ्यात तारीख घातली, तेव्हा ते वाकून बघत म्हणाले, "दोन हजार सोळा? इतकं झालं?" मला वाटलं विनोद करतायत. पुढच्या दोन वर्षांत कळलं की सर विनोद करत नसत. त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

मी प्राचीन आयरिश शिकायला गेले ती काही ज्ञानाच्या ओढीने नव्हे. नवऱ्याला इथे आयर्लंडमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली, त्याच्यामागे मी आले, आणि माझ्या कार्डावर छापून आलं की बाईंना काम करायची परवानगी नाही. शिकायची होती. एक वर्ष मी घरात बसून केक करायला शिकले. दुसऱ्या वर्षी केकचा वास सहन होईना, तेव्हा जवळच्या विद्यापीठात चौकशी केली. (कुठलं ते सांगत नाही. पुढे जे लिहिलंय ते वाचून तिथून मला 'फीडबॅक फॉर्म' येईल.) मॅनेजमेंटला जागा नव्हती, मानसशास्त्राला नव्हती. केल्टिक इतिहास, भाषा आणि संस्कृतीच्या एमएला होत्या. अकरा होत्या. आम्ही विद्यार्थी मिळून तीन: मी, पूर्वजांच्या शोधात बोस्टनहून आलेला एक भला माणूस, आणि चाळीस वर्षं टपाल वाटून निवृत्त झालेले एक पोस्टमन, ज्यांना आता आपण ज्या गावांना पत्रं टाकली त्या गावांच्या नावांचा अर्थ जाणून घ्यायचा होता.

मराठी मंडळात याचा फार बोभाटा झाला. गणपतीला हॉलमध्ये प्रसादाच्या रांगेत नागपूरच्या एका इंजिनिअरने विचारलं, "केल्टिक म्हणजे कोणती टेक्नॉलॉजी, वहिनी?"

"जुनी आहे," मी म्हटलं.

"लेगसी सिस्टिम का? मग करून टाका. त्याला माणसं मिळत नाहीत."

बाकीच्यांनी सरळ 'स्कोप काय?' असं विचारलं. मी सगळ्यांना 'रिसर्च' असं उत्तर द्यायचे. या शब्दानंतर आपल्याकडे कोणी पुढे विचारत नाही, नुसतं नवऱ्याकडे सहानुभूतीने बघतात.

सरांनी मात्र माझा फार मोठा गैरसमज करून घेतला होता. संस्कृत आणि आयरिश एकाच भाषाकुळातल्या, आणि मी भारतातली, म्हणजे त्यांच्या हिशेबी त्या कुळाच्या दुसऱ्या टोकाची चुलत बहीण. त्यात अर्जात दहावीचं संस्कृत दिसलं. ते मी स्कोअरिंग म्हणून घेतलं होतं हे मी त्यांना किमान चार वेळा सांगितलं. त्यांनी ते विनयात जमा केलं. एकदा जर्मनीहून एक विद्वान आले, त्यांच्यापुढे मला 'आमच्या संस्कृतच्या पंडिता' म्हणून उभं केलं आणि काहीतरी म्हणून दाखवा म्हणाले. मी रामः रामौ रामाः म्हटलं, संबोधनापर्यंत न अडखळता. जर्मन गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला लाज वाटायला हवी होती, पण दहावीनंतर प्रथमच त्या पाठांतराचा उपयोग होत होता, म्हणून मी ऐटीत खाली बसले.

सर मार्क गायींमध्ये देत. जुन्या आयरिश कायद्यात सगळ्याची किंमत गायींमध्ये ठरायची; माणसाच्या अब्रूची, मोडलेल्या दाताची, मधमाशीने डसलेल्या शेजाऱ्याची. सरांना ही पद्धत टक्केवारीपेक्षा स्पष्ट वाटे. माझ्या पहिल्या निबंधावर लिहून आलं, 'दोन दुभत्या गायी, एक कालवड. कालवड निष्कर्षासाठी.' परीक्षा विभागातून फोन आला की सिस्टिम गायी घेत नाही. सरांनी शांतपणे विचारलं, "मग तुमची सिस्टिम काय खाते?" शेवटी ते रूपांतर मीच करायला लागले. एक दुभती गाय म्हणजे तीस टक्के. बोस्टनवाल्याला एकदा नुसतं 'मेंढरू' मिळालं होतं, त्याचे मी माणुसकीने अठरा धरले.

ड्रुइड (जुन्या केल्टिक लोकांचे पुजारी) हा शब्द काढला की सर वर्गाबाहेर काढत. बोस्टनवाल्याच्या दंडावर एका ड्रुइडाचं गोंदण होतं, दाढी, झगा, हातात कोयता. तो दोन वर्षं भर उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला. आयर्लंडमध्ये भर ऊन म्हणजे काय असतं ते सोडा, पण त्याच्या निष्ठेला तोड नव्हती.

आणि त्यांचा कोश. जुन्या कायद्यातल्या शब्दांचा कोश ते एकतीस वर्षं लिहीत होते, कार्डांवर, आणि ती कार्डं चपलांच्या खोक्यांत. खोकी खोलीत मावेनात, म्हणून चहाचे कप ठेवायच्या कपाटात, ज्याला तिथे सगळे 'प्रेस' म्हणतात, तिथेही गेली. कप खिडकीत आले. कोश तिसऱ्या अक्षरापर्यंत पोचला होता. "कसं चाललंय?" विचारलं की म्हणत, "ग्रँड. घाई नाही." आयर्लंडमध्ये 'ग्रँड' हे पावसापासून पक्षाघातापर्यंत सगळ्याला चालतं, पण सर ते खरोखरीच्या समाधानाने म्हणत, आणि ते ऐकलं की माझ्यासारख्या पुणेरी बाईचं डोकं फिरायचं. एकतीस वर्षांत तीन अक्षरं! आमच्याकडे असा माणूस निवृत्तीआधीच घरच्यांनी समजावून सांगून बंद केला असता.

त्यांचा खरा जीव होता तो एका प्रकरणात. जुन्या कायद्यात गरिबाला बड्या माणसाविरुद्ध दाद मागायचा एक मार्ग होता. त्याच्या दारात जाऊन उपाशी बसायचं. दारात माणूस उपाशी असताना आतल्याने जेवायचं नाही. जेवला तर दोषी. त्याने शब्द दिला, की बाहेरच्याने उठायचं. आणि बाहेर बसलेल्याने मध्येच खाल्लं, तर त्याचा दावा तिथेच बुडाला.

"सर, हे आमच्याकडे रोज असतं," मी म्हटलं. "कलेक्टर कचेरीसमोर."

सर खुर्चीत बसले. बसलेलेच होते, पण पुन्हा नीट बसले. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून सगळं लिहून घेतलं. मंडप, बॅनर, हार, तब्येत बिघडल्याची बातमी, शेवटी मंत्र्यांच्या हस्ते मोसंबीचा रस. सगळं त्यांना पटत गेलं. मग मी साखळी उपोषणाबद्दल सांगितलं, की रोज वेगळी माणसं पाळीपाळीने बसतात.

"म्हणजे प्रत्यक्षात उपाशी कोण?"

"तसं कोणी नाही, सर."

सरांनी वही मिटली. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "तुमच्या लोकांनी कायदा सुधारला आहे. हे मला आवडलं नाही." पण तेव्हापासून उपवासाच्या बाबतीत मी त्यांची अधिकृत सल्लागार झाले. संस्कृतची पंडिता होतेच.

दुसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात पत्र आलं. आमच्या विद्याशाखेला नुकत्याच नव्या प्रमुख बाई आल्या होत्या, लिमरिककडच्या, हसतमुख, चांगल्या. आयुष्यात कोणाचं वाईट केलं नसेल अशा. त्यांनी लिहिलं होतं, की सर ऑगस्टमध्ये निवृत्त होतायत तेव्हा हा अभ्यासक्रम 'विराम घेईल', आणि विद्यार्थ्यांचा 'प्रवास' 'हेरिटेज अँड टुरिझम' या अभ्यासक्रमात 'पुढे सुरू राहील'. माझा प्रबंध अर्धा झाला होता, आणि तो वाचू शकणारा माणूस त्या इमारतीत एकच होता. सरांना मुदतवाढ मिळाली तर माझी पदवी, नाहीतर पर्यटन. मी त्या रात्री भांडी घासताना एक कप फोडला, आणि तो चुकून फुटला नव्हता.

सरांनी पत्र दोनदा वाचलं, खोक्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "मी बसतो."

कायद्याप्रमाणे आधी साक्षीदारांसमोर तोंडी सूचना द्यायची असते. आम्ही तिघं साक्षीदार म्हणून गेलो. सरांनी आठव्या शतकातलं सूचनेचं वाक्य खणखणीत म्हटलं, मग इंग्रजीत अर्थ सांगितला. बाई मन लावून ऐकून म्हणाल्या, "किती छान! हे मला ईमेल कराल का?"

दुसरी अडचण दाराची. बाईंना दार नव्हतं. त्या मोकळ्या हॉलमध्ये, ज्या दिवशी जे टेबल मिळेल तिथे बसायच्या. सगळ्या हॉलला मिळून तिसऱ्या मजल्यावर काचेचं एकच दार होतं, आपोआप सरकणारं. सर दोन तास ग्रंथ चाळत बसले आणि निर्णय दिला, की सामायिक दार चालतं. तिसरी अडचण वेळेची. कायदा सूर्यास्त ते सूर्योदय म्हणतो, आणि इमारतीला सहा वाजता कुलूप लागतं. तेव्हा बसायचं नऊ ते सहा, पण उपास चोवीस तासांचा, फक्त पाण्यावर. चहासुद्धा नाही.

जूनच्या एका सोमवारी सर बसले. लाकडी खुर्ची, मांडीवर कार्डांचं एक खोकं. कार्ड काढायला जरा पुढे वाकले, की दार सरकून उघडायचं. मागे टेकले, की बंद. आतले सगळे लोक दर वेळी वर बघायचे. पहिल्या दिवशी सुरक्षा विभागाने खुर्ची जिन्याच्या वाटेत येत नाही ना ते टेपने मोजलं. दुसऱ्या दिवशी कर्मचारी-कल्याणवाल्या मुलीने त्यांच्या हातात एक पत्रक दिलं: 'सजगपणे कसं जेवावं.' सरांनी ते वाचून त्यातल्या चुका दुरुस्त करून परत दिलं.

पण गंमत म्हणजे, कायदा लागू पडत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन धावत आले. प्रमुख बाई त्यांच्या गाडीत, मागच्या सीटवर, डोकं खाली घालून सँडविच खात होत्या!

"दोषी!" सर म्हणाले. आवाज खोल गेला होता, पण चेहरा उजळला. "तेराशे वर्षं झाली, आणि अजून त्यांना माझ्यासमोर खाता येत नाही."

मी पहिल्यांदाच मनापासून मानलं की आम्ही जिंकणार. बुधवारी सकाळी बाईंचा निरोपही आला, दोन वाजता भेटू या.

आता सासूबाई. त्या कराडहून तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. दुपारभर खिडकीत बसून 'हितं मान्सं कुठं ऱ्हात्यात?' असं विचारायच्या. मंगळवारी रात्री जेवताना मी सरांचं सगळं सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हातारा मानूस दोन दिस उपाशी बसलाय, आनि तू हितं आमटी ओरपाय लागलीस व्हय गं?"

"आई, ते आंदोलन आहे. खायचं नसतं."

"मला शिकवू नगंस. तुजं सासरं पान्यासाटी तहशिलीम्होरं पाच दिस बसलं हुतं. रोज डबा मीच न्हेला. उपास देवाचा असू दे न्हाईतर सरकारचा, साबुदान्याला कोन न्हाई म्हनतंय?"

आणि खरं सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. लहानपणापासून उपास म्हणजे खिचडी, हे इतकं अंगात भिनलेलं, की दोन वर्षं तो कायदा शिकूनही माझ्या डोक्यात घंटा वाजली नाही. मीच साबुदाणा भिजत घातला. दाण्याचं कूट मीच केलं.

बुधवारी साडेबाराला सासूबाई नऊवारी, त्यावर माझ्या नवऱ्याचं जाकीट आणि पायात माझे बूट अशा थाटात तीन जिने चढल्या. लिफ्टवर त्यांचा विश्वास नव्हता. सरांसमोर जाऊन त्यांनी डबा उघडला. वाफ आली. सरांनी वास घेतला, आणि दार उघडलं.

"इचार त्यास्नी, भूक लागलीया का."

मी विचारलं. सरांनी खोक्याचं झाकण लावलं. "लागली आहे," ते म्हणाले. मग डब्याकडे बघत, "हे उपवासाला चालतं?"

"चालतं, सर," मी अख्ख्या महाराष्ट्राच्या वतीने म्हटलं. "उपवासाचंच असतं."

त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सासूबाईंकडे. मग खाल्लं. सगळं खाल्लं, दह्यासकट. सासूबाईंनी वरून आणखी वाढली तीही खाल्ली. काचेपलीकडे आख्खा हॉल बघत होता.

दोनच्या आधीच प्रमुख बाई बाहेर आल्या. हातात पत्र, चेहऱ्यावर तीन दिवसांत नव्हतं असं हसू. दोन वर्षांची मुदतवाढ. सरांनी फक्त सही करायची होती. मी सासूबाईंचा हात इतका घट्ट धरला, की त्यांच्या बांगड्या मला रुतल्या.

"हे तुम्ही केव्हा ठरवलंत?" सरांनी विचारलं. "मी खाण्याआधी, की नंतर?"

बाईंना वाटलं आता गोड बोलावं. "खरं सांगू? तुम्हाला खाताना पाहिलं, आणि इतकं हायसं वाटलं! म्हटलं, चला, आता देऊनच टाकू."

सरांनी पत्राची नीट घडी करून परत दिलं. "मग मला घेता येणार नाही. पहिल्या घासाला माझा दावा बुडाला."

मी भांडले. तिथेच, दारात, दार उघडमीट होत असताना. म्हटलं, पत्रावर कालची तारीख आहे! सर म्हणाले, खणातलं पत्र म्हणजे शब्द नव्हे, हातात दिलं तो शब्द. म्हटलं, साबुदाणा हे धान्य नाही, आमच्या शास्त्रात ते अन्नात धरत नाहीत! सर म्हणाले, "दार इथलं आहे. नियमही इथलाच." बाई बिचाऱ्या "पण मला काहीच हरकत नाही" असं तीन वेळा म्हणाल्या. त्यांना कोणी विचारत नव्हतं. सरांनी खोकं उचललं आणि जिना उतरले. सासूबाई मला विचारत होत्या, सर रागावलं का? तिखट झाली का? मी म्हटलं, नाही आई, ग्रँड झाली होती.

मला त्यांचा इतका राग आला होता, की निरोप समारंभाला मी गेले नाही. एकतीस वर्षं गोळा केलेला हट्ट त्यांनी आमच्या तिघांच्या पदवीवर फोडला, असं मी मंडळात सांगत सुटले. माझ्या प्रमाणपत्रावर 'हेरिटेज अँड टुरिझम' लिहिलेलं आहे. आमचा अभ्यासक्रम अजून विरामच घेतोय.

पुढल्या वर्षी नियम बदलले, मला नोकरी करता यायला लागली, आणि एका कंपनीत लागलेही. तेव्हा कुठे राग उतरला. एका शनिवारी मी सरांच्या घरी गेले. खोकी आता पलंगावरही होती. चौथं अक्षर निम्मं झालं होतं. चहा करायला ते आत गेले, तेव्हा टेबलावरचं वरचं कार्ड मी सहज वाचलं. त्यांनी वाचायला शिकवलंच होतं. उपोषणाच्या कायद्यावर समासात कुणा लेखनिकाने लिहिलेली एक ओळ होती: चुकीच्या सल्ल्याने खाल्लं, तर दावा बुडत नाही; दोष सल्ला देणाऱ्याचा. त्याचं नाव सांगावं.

सर कप घेऊन आले. मी कार्ड वर धरलं.

"हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"ते कार्ड त्या दिवशी माझ्या मांडीवरच्या खोक्यात होतं."

"म्हणजे नुसतं नाव सांगितलं असतंत, तर..."

"तर दावा जिवंत राहिला असता."

"मग सांगायचं होतं ना, सर! माझं सांगायचं. नाहीतर सासूबाईंचं! मी आनंदाने लिहून दिलं असतं!"

सरांनी कप ठेवायला जागा शोधली. "ते शेंगदाणे होते," मग म्हणाले. "वास आला तेव्हाच मला कळलं, हे अन्न आहे. तुम्ही चालतं म्हणालात ते खरं समजूनच म्हणालात. पण तीन दिवसांत मला तिथे पुष्कळ जणांनी पुष्कळ काही विचारलं. भूक लागली का, हे एका तुमच्या सासूबाईंनीच विचारलं. त्यांना दोषी म्हणून लिहू?"

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. वर्षभर या माणसाला मी गावभर मूर्ख म्हणत फिरले होते.

संध्याकाळी कराडला फोन लावला आणि पहिल्यांदाच सासूबाईंना सगळं सांगितलं. खिचडीने काय झालं, पदवी का गेली, आणि सर का गप्प राहिले.

"आगं, मग माजं नाव लिवायचं की त्यांनी," त्या म्हणाल्या. "मला कोन वळकतंय तितं?"